टूली जेवत नाही

सकाळचे आठ वाजण्याच्या सुमारास आर्विड लाहती आपल्या आठ कुत्र्यांसह घसरगाड्यांच्या शर्यतीच्या शेवटच्या मुक्कामावर येऊन पोहोचला, त्या वेळी त्याच्या देहात थकव्याखेरीज दुसरी कोणतीही वस्तू शिल्लक उरलेली नव्हती. दोन रात्री त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. श्वासाची वाफ दाढीवर गोठून तिची पाटी झाली होती. घसरगाडीच्या मागच्या फळीवरून खाली उतरताना त्याच्या दोन्ही गुडघ्यांतून अशी काही कळ गेली की, तो क्षणभर दांडीला धरून डोळे मिटून तसाच उभा राहिला.

मुक्काम म्हणजे उत्तर मिनेसोटातील पाइनच्या अरण्यात बांधलेले एक लाकडी सभागृह आणि त्यापुढचे बर्फाचे मोकळे मैदान. प्रत्येक गाडीवानाने येथे चार तास थांबलेच पाहिजे, असा शर्यतीचा नियम होता. त्यानंतर केवळ चाळीस मैल उरत. परंतु त्या चाळीस मैलांत सहा मैलांचे ते गोठलेले सरोवर होते.

सरोवराचा विचार आर्विडने बाजूला सारला आणि हातांना कामाला लावले. हे काम त्याला झोपेतही करता आले असते. किंबहुना त्या सकाळी तो ते बहुतांशी झोपेतच करीत होता. बत्तीस पंजांवरचे कापडी मोजे त्याने सोडवले. आठ जणांसाठी पेंढा पसरला. शेगडी पेटवली, पिंपातले गरम पाणी आणले, दोन आठवड्यांपूर्वी पुढे पाठवून दिलेली आपल्या नावाची पोती ओढत आणली, आणि कुऱ्हाडीने गोठलेले मांस फोडून त्याची लापशी शिजवली. मग ओळीने आठ भांडी मांडली.

सात भांड्यांमधून लपालपा आवाज सुरू झाला. तो आवाज म्हणजे गाडीवानाच्या कानाला सुखाची परिसीमा. आठवे भांडे टूलीचे होते. टूलीने भांड्याकडे पाहिले, मग आर्विडकडे पाहिले, आणि अत्यंत सभ्यपणे तोंड फिरवून घेतले.

"काय म्हणतायत राणीसरकार?" दोरीपलीकडून आवाज आला.

ती मार्लिस, आर्विडची गेल्या चौतीस वर्षांपासूनची सहधर्मचारिणी. कुत्र्यांचा ट्रक एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाला हाकत नेणे, एवढेच या शर्यतीत तिचे काम. मुक्कामावर गाडीवानाखेरीज कुणीही कुत्र्यांना हात लावायचा नाही, त्यांना घास द्यायचा नाही, हा नियम इतका कडक होता की, घरची माणसे मैदानाभोवती बांधलेल्या दोरीबाहेरच उभी राहत.

"वास घेतला तिने," आर्विड म्हणाला.

"वास काल दुपारीही घेतला होता. वासावर कुणी चाळीस मैल पळत नाही."

"तू जरा गप्प बसशील?"

"मला हात लावायला बंदी आहे. तोंडाला नाही." मार्लिसने कॉफीचा पेला दोन्ही हातांत धरला. तीही दोन रात्री ट्रकच्या केबिनमध्ये अंगाचे मुटकुळे करून झोपली होती आणि तिचाही चेहरा उतरला होता. "ठेव ते भांडं आणि चालता हो तिथून. किती वर्षं सांगतेय तुला."

आर्विड चालता झाला नाही. तो टूलीच्या समोर, पेंढ्यावर, गुडघे मुडपून बसला आणि भांड्याकडे पाहत राहिला.

येथे हे सांगणे अवश्य आहे की, आर्विडच्या दृष्टीने त्या भांड्यात केवळ लापशी नव्हती. वसंतात त्याच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया ठरली होती. निम्मी कुत्री दुसऱ्या घरी जाणार, हेही ठरले होते. तेव्हा ही त्याची अखेरची शर्यत होती. यापूर्वी दोनदा तो या शर्यतीत उतरला होता आणि दोन्ही वेळा त्या सरोवराने त्याला परत पाठवले होते. तेथे झाड नाही, आडोसा नाही. वारा आडवा येतो आणि बर्फ गुळगुळीत असतो. साधारण कुत्रा वाऱ्याला पाठ देऊन काठाकडे वळतो, आणि त्याच्यामागे अख्खी रांग वळते. एकदा आर्विडची रांग वळून वळून गोल फिरली होती, आणि बर्फावर चालणाऱ्या मोटरीने त्याला दोरखंडाने ओढत परत आणले होते. लोक हसले नव्हते. हसले असते तर बरे झाले असते.

रांगेत सर्वांत पुढे धावणारी टूली मात्र वळत नसे. टूली म्हणजे वारा. आर्विडच्या आजीच्या फिनिश बोलीतला तो शब्द. करड्या रंगाची, सडपातळ, एक कान अर्धा पडलेला, आणि वयाने चार वर्षांची. वारा समोरून येवो वा आडवा, ती डोके खाली घालून नाकासमोर धावत असे. तिच्या पायांत आणि बुद्धीत दोष असा नव्हताच. जो काही दोष होता तो तोंडात होता.

ती लहान असताना एकदा तिने जेवण नाकारले. आर्विड घाबरला आणि त्याने त्यावर थोडा मासा कुस्करून घातला. टूलीने मासा खाल्ला. पुढच्या आठवड्यात तिने मासाही नाकारला. तेव्हा आर्विडने यकृत आणले. येथपासून त्या घरात खाद्याचा अभ्यास सुरू झाला. आर्विडचे शिक्षण दहावीपर्यंतही नीट झालेले नव्हते. उन्हाळ्यात तो खडीचा ट्रक चालवी. परंतु कुत्र्यांच्या खाद्याच्या पोत्यामागचा बारीक मजकूर तो चष्मा लावून, बोट फिरवीत, धर्मग्रंथासारखा वाचू लागला. घटकांच्या यादीत पहिले नाव मांसाचे असले पाहिजे, धान्याचे नव्हे. प्रथिने शेकडा बत्तीस आणि चरबी वीसच्या खाली नको. 'मांसजन्य पदार्थ' असे मोघम लिहिले असेल तर ते पोते खाली ठेवावे. कोणत्या प्राण्याचे मांस ते स्पष्ट लिहिलेले असावे. नवे खाद्य द्यायचे तर जुन्यात थोडेथोडे मिसळून आठवडाभराने पुरते बदलावे. हे सर्व त्याला मुखोद्गत होते आणि त्यातले काहीही चुकीचे नव्हते. बाकीची सात कुत्री त्या ज्ञानावर तुकतुकीत झाली होती. टूली मात्र प्रत्येक पोते चार दिवस खाई आणि पाचव्या दिवशी तोंड फिरवी. गराजमध्ये अर्धवट उघडलेल्या पोत्यांची रांग लागली होती. कोंबडी, मेंढी, सामन मासा, बदक, आणि एक तर एल्क हरणाचे.

"आपण काय खातो ते कधी वाचलंयस का रे?" मार्लिस विचारी. "त्या सॉसेजच्या पाकिटावर पहिलं नाव कुणाचं आहे ते तरी सांग."

याखेरीज आर्विडची एक श्रद्धा होती, आणि ती त्याच्यासारख्या जुन्या गाडीवानांतच आढळते. पुढे धावणारी कुत्री ज्या हातचे खाते त्या हातासाठी धावते, असे तो मानी. म्हणून घरी बाकीच्यांना मार्लिसने वाढले तरी त्याची हरकत नसे. पण टूलीचे भांडे त्याने कधी दुसऱ्याच्या हाती दिले नाही. तो स्वतः वाढी, समोर बसे, आणि ती शेवटचा घास घेईपर्यंत तिच्या तोंडाकडे पाहत राही.

या शर्यतीसाठी त्याने एकट्या टूलीकरिता सात प्रकारचे खाद्य वेगवेगळ्या पिशव्यांत भरून पुढे पाठवले होते. पोती दोन आठवडे अगोदर पाठवावी लागतात, मग त्यात बदल करता येत नाही. त्यामुळे दोन आठवड्यांनंतर टूलीला कशाची इच्छा होईल, याचे अनुमान त्याला गराजमध्ये बसून बांधावे लागले होते. पहिल्या मुक्कामावर चार पिशव्या संपल्या, म्हणजे नाकारल्या गेल्या. आता तीन उरल्या होत्या.

नऊ वाजता डॉ. सोल्हाइम आल्या. त्या शर्यतीच्या पशुवैद्य. वयाने आर्विडच्या मुलीसारख्या, पण त्यांच्या शब्दापुढे कुणाचे काही चालत नसे. त्यांनी ओळीने प्रत्येक कुत्र्याचे पाय चाचपले, हृदयाचे ठोके ऐकले, आणि टूलीपाशी येऊन गुडघ्यावर बसल्या. मानेवरची कातडी चिमटीत धरून त्यांनी सोडली. कातडी जागेवर जायला जरा उशीर झाला. हिरडी दाबली, तिथेही रंग परतायला उशीर झाला, म्हणजे अंगात पाणी कमी पडले होते.

"कधीपासून खाल्लं नाही?"

"काल दुपारपासून." आर्विडने खरे सांगितले. "पण पळायला काही नाही म्हणत नाही डॉक्टर. दोर ताणून पळतेय."

"ही जात मरेपर्यंत दोर ताणते, आर्विड. ते तुम्हाला मी सांगायला नको. पाणी?"

"माशाचं कोमट पाणी चाटलं. चार घोट."

"चार घोटांवर मी तिला सरोवरावर सोडणार नाही." त्यांनी वहीत काहीतरी लिहिले. "अकराला येते परत. भांडं रिकामं झालं असेल तर खुशाल घेऊन जा. नाहीतर तिचा प्रवास इथे संपला."

त्या पुढच्या गाडीकडे गेल्या. दोरीपलीकडे मार्लिस काही बोलली नाही, आणि ती बोलत नाही म्हणजे तिने सर्व ऐकले आहे, हे आर्विड जाणून होता.

त्यानंतरचे दोन तास कसे गेले, याचे वर्णन करणे दुःखद आहे. आर्विडने पाचवी पिशवी उघडली, ती बदकाची. भांडे धुऊन, कोमट करून ठेवले. टूलीने वास घेतला. आर्विड म्हणाला, "खा ग बाई." टूलीने त्याच्याकडे पाहिले. त्याने बोटावर थोडे घेऊन तिच्या ओठाला लावले. तिने ते चाटून टाकले, जणू त्याच्या समाधानासाठी, आणि मान पेंढ्यावर ठेवली. सहावी पिशवी बीव्हर या पाणप्राण्याच्या चरबीची होती. एकाहून एक अडेल कुत्री तिला भुलतात. शेजारच्या बर्ट नावाच्या कुत्र्याने ती वासानेच ओळखली आणि दोर ओढून ओढून कण्हू लागला. टूलीने डोळे मिटले.

पेंढ्याचे गठ्ठे वाहणारा म्हातारा तोइवो तेथून जात होता. तो सत्तर वर्षांचा असून त्याने आयुष्यात शंभरावर कुत्री बाळगली होती.

"अजून तिथंच बसलायस होय रे?" तो म्हणाला. "पंधरा मिनिटं ठेवायचं, नाही खाल्लं तर उचलायचं. पुढच्या वेळेपर्यंत काही नाही. दोन दिवसांत ताळ्यावर येतात."

"माझ्याकडे दोन दिवस नाहीत तोइवो. दीड तास आहे."

"मग चार वर्षांपूर्वी सुरू करायचं होतंस." तोइवोने गठ्ठा दुसऱ्या खांद्यावर घेतला. "तू तिला जेवायला नाही शिकवलंस, बाबा. नाही म्हणायला शिकवलंस. नाही म्हटलं की चांगलं येतं. मी तिच्या जागी असतो तर अजून वाईन मागितली असती."

आर्विडला राग यावयास हवा होता. पण राग येण्यासाठीही काही शक्ती लागते. त्याने सातवी पिशवी फोडली. तिच्यात सामन मासा आणि वासराचे यकृत. ही त्याने अखेरच्या प्रसंगासाठी राखून ठेवलेली. त्याने आपले हातमोजे काढून उघड्या बोटांनी ती कालवली. उणे वीसच्या थंडीत बोटे लाकडासारखी झाली. भांडे ठेवून तो तिच्या समोर बसला. त्याने तिच्या डोळ्यांत पाहिले, आणि तिने त्याच्या. ती जेवली तर आपण सरोवर पार करू. आपण सरोवर पार केले तर हे सगळे, हे गुडघे, ही वर्षे, हे गराज, वाया गेले नाही असे होईल. हा सर्व मजकूर त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेला असला पाहिजे. टूलीने भांड्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ती त्याच्याकडेच पाहत राहिली, अर्धा पडलेला कान मागे पाडून, जणू तिनेच काही अपराध केला होता.

अकराला दहा मिनिटे कमी होती. डॉ. सोल्हाइम मैदानाच्या दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी पायाला पट्टी बांधीत होत्या. आर्विडने इकडेतिकडे पाहिले. मग त्याने टूलीचे भांडे उचलले आणि बर्टच्या पुढे धरले. बर्टने तीन घासांत सामन, यकृत आणि तळाशी चिकटलेले सर्व काही नाहीसे केले. आर्विडने ते चकचकीत भांडे टूलीच्या पुढ्यात पूर्ववत ठेवले.

मान वर केली तेव्हा मार्लिस त्याच्याकडेच पाहत होती. तिने टोमणा मारला असता तर तो काहीतरी बोलला असता. तिने फक्त कॉफीचा रिकामा पेला चुरगळून खिशात घातला आणि ती दुसरीकडे पाहू लागली.

ठरल्या वेळी डॉक्टर आल्या. त्यांनी भांडे पाहिले.

"अरे वा. खाल्लं?"

आर्विडने तोंड उघडले. उत्तर एका अक्षराचे होते आणि ते जिभेवर तयार होते. पण एवढे बोलून भागणार नाही, हे त्याला त्या क्षणी उमगले. मग पुढे तिचा दोर बांधताना, सरोवरावर तिचा श्वास ऐकताना, आणि तिचे पाय लटपटले तर मैलामैलाला, तेच खोटे पुन्हा पुन्हा उचलून न्यावे लागेल. एवढे ओझे उचलण्याइतका तो आता मजबूत नव्हता.

"नाही," तो म्हणाला. "बर्टने खाल्लं. मीच दिलं त्याला."

डॉक्टरांनी पेनाचे टोपण दातांनी काढले, कारण हात गारठले होते.

"मला कळलं नसतं असं वाटलं तुम्हाला? त्याच्या मिशांना सामन लागलाय, आणि ही अजून तुमच्याकडेच बघतेय." त्यांनी कागद पुढे केला. "इथे सही करा."

कुत्रा मागे सोडण्याच्या त्या कागदावर फार थोडा मजकूर असतो. कुत्र्याचे नाव, क्रमांक, वेळ. 'कारण' या रकान्यात डॉक्टरांनी लिहिले, 'जेवत नाही.' आर्विडने त्याखाली आपले नाव लिहिले. अक्षरे वाकडीतिकडी आली. मागे सोडलेले कुत्रे घरच्या माणसाच्या ताब्यात द्यायचे असते. म्हणून त्याने टूलीचा पट्टा धरून तिला दोरीपर्यंत नेले आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदाच आपले पुढचे कुत्रे मार्लिसच्या हाती दिले.

"पिशवीत यकृत उरलंय थोडं," तो म्हणाला. "कोमट कर. उकळू नको. भांडं तिच्या उजव्या बाजूला ठेव, आणि समोर बस. नुसतं ठेवून जाऊ नको. तिला वाटायला हवं की कुणीतरी…"

"बरं."

"नाही, ऐक ना."

"आर्विड." मार्लिसने पट्टा मनगटाला गुंडाळला. "बारा वाजता तुला निघायचंय. दोन घास खा आणि पाठ टेक. जा."

आर्विड पेंढ्यात बर्टला टेकून आडवा झाला. त्याला झोप लागली की नाही, हे त्यालाही सांगता आले नसते.

बाराला तो सात कुत्र्यांसह निघाला. सर्वांत पुढे नप्पी होता. दोन वर्षांचा, गोल चेहऱ्याचा, पळण्यात हौशी आणि बुद्धीने मध्यम. आजवर तो टूलीच्या बाजूने धावला होता. एकट्याने कधी नाही. अरण्यातले पंधरा मैल त्याने उत्तम नेले, कारण अरण्यात वाट एकच असते. मग झाडे संपली, आणि समोर ते पांढरे, सपाट, कुठेही न संपणारे सरोवर पसरलेले दिसले.

पहिल्या अर्ध्या मैलातच वाऱ्याने नप्पीला ढकलले. त्याने मान वळवली, मग खांदे वळवले, आणि रांग काठाकडे झुकली. आर्विडने हाक मारली. वाऱ्याने ती मागे नेली. त्याने गाडी थांबवली, बर्फात गाडी अडकवण्याचा लोखंडी आकडा रोवला, पुढे चालत गेला, आणि नप्पीचे तोंड खुणेच्या काठ्यांकडे वळवले. पुन्हा मागे येऊन फळीवर उभा राहिला. शंभर हात गेल्यावर पुन्हा तेच. चौथ्या वेळी तो मागे आलाच नाही. त्याने नप्पीच्या गळपट्ट्याला दोर बांधला आणि स्वतःच सर्वांच्या पुढे चालू लागला.

एक साठीचा माणूस, खराब गुडघ्यांचा, सात कुत्र्यांना आणि रिकाम्या गाडीला मागे घेऊन वाऱ्यात चालला आहे, हे दृश्य जवळून कुणी पाहिले नाही, कारण बाकीचे सर्व गाडीवान केव्हाच पुढे निघून गेले होते. आर्विड काहीही विचार करीत नव्हता. तो एका काठीकडे पाही, तिच्यापर्यंत जाई, आणि मग पुढच्या काठीकडे पाही. टूली आता कुठे असेल, हे त्याच्या मनात आले. मग तेही गेले. सुमारे दोन मैलांनंतर नप्पीने दोर ओढला. तो घाबरून काठाकडे ओढत नव्हता. समोर ओढत होता. काठ्यांचा अर्थ त्याच्या मध्यम बुद्धीत शिरला असावा, किंवा म्हाताऱ्याच्या चालीला तो कंटाळला असावा. आर्विड कसाबसा फळीवर चढला. उरलेले सरोवर त्यांनी हळूहळू पार केले. पलीकडच्या काठावर झाडे लागली, तेव्हा त्याला आनंद व्हायला हवा होता. त्याला फक्त एवढे जाणवले की, वारा थांबला.

संध्याकाळी सातला तो शेवटच्या रेषेवर पोहोचला. सर्वांच्या शेवटी. शेवटी येणाऱ्या गाडीवानाला एक लाल कंदील देण्याची तेथे पूर्वापार रीत आहे. गाडीवान येईपर्यंत कंदील पेटता ठेवतात, आणि तो आल्यावर विझवतात. पाचसहा माणसे थांबली होती. त्यांनी हातमोज्यांतून टाळ्या वाजवल्या, त्यांचा फारसा आवाज झाला नाही. कुणी कंदील त्याच्या हाती दिला, कुणी पाठीवर थाप मारली, "पुरी केलीस बाबा शेवटी!" आर्विडने मान हलवली. त्याची नजर मार्लिसला शोधत होती.

ती गर्दीत नव्हती, ट्रकपाशी होती. कुत्री सोडून, बांधून, आर्विड तिच्याकडे गेला तेव्हा ती ट्रकच्या पायरीवर बसून सँडविच खात होती.

"पार केलंस," ती म्हणाली. "मी लोकांना विचारत होते, म्हातारा कुठे दिसतो का. म्हणाले, सरोवरावर कुणीतरी चालतंय म्हणे."

"टूली?"

"जेवली."

आर्विडला ते ऐकू आले, पण समजायला वेळ लागला. "यकृत?"

"तुझं यकृत मुक्कामावरच राहिलं. कुत्रं, पोती, सगळं एकटीनं चढवायचं होतं, विसरले. वाटेत पेट्रोल पंपावर थांबले, तिथे जे होतं ते घेतलं. लहान पोतं."

"पंपावरचं?" आर्विडने कंदील खाली ठेवला. "अग, त्यात पहिलं नाव मक्याचं असतं!"

"असेल. ती वाचत नव्हती."

"भांडं उजव्या बाजूला ठेवलंस?"

"भांडंच नव्हतं. ट्रकच्या मागच्या फळीवर ओतलं, दार लोटलं, आणि मी माझ्या बहिणीशी फोनवर बोलत बसले. अर्ध्या तासाने पाहिलं तर फळी साफ. पाणीही प्यायली. वर माझ्या थर्मासचं झाकण चावून ठेवलंय."

आपण हसावे की रडावे, हे ठरवण्याइतकीही उमेद आर्विडमध्ये नव्हती. चार वर्षे, सात प्रकार, बोटांवरचे यकृत, आणि शेवटी पेट्रोल पंपावरचा मका. त्याला एकदम आपल्या चेहऱ्याचा विचार आला, जो त्या कुत्रीने दररोज दोन वेळा भांड्याच्या वर लटकलेला पाहिला होता.

"आता परत खायला द्यायची वेळ झाली," मार्लिस म्हणाली. "बघायचंय?"

तिने उठून ट्रकची मागची फळी उघडली. टूली आत पोत्यांवर वेटोळे करून पडली होती. आर्विडला पाहताच ती उठली, शेपूट हलवली, त्याच्या गोठलेल्या दाढीला नाक लावले. मार्लिसने पोत्यातून दोन ओंजळी खाद्य फळीवर ओतले. टूलीने खाली मान घातली आणि एक घास घेतला. आर्विड पुढे वाकला. टूलीने मान वर केली. तोंडातला घास तोंडातच ठेवून तिने त्याच्याकडे पाहिले, आणि तिचा कान मागे पडला.

"आर्विड," मार्लिस हळूच म्हणाली, "तू जरा पलीकडे हो ना."

त्याने मार्लिसकडे पाहिले. मग तो वळला आणि ट्रकच्या पुढच्या बाजूला गेला. तेथे इंजिनाची थोडी ऊब होती. त्याने तिथे पाठ टेकवली, गुडघ्यांना जरा विसावा दिला, आणि डोळे मिटले. थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग ट्रकच्या मागून मका दातांखाली फुटल्याचा आवाज येऊ लागला. आधी एकेक, मग भराभर. आर्विड जागचा हलला नाही.